मुरूम, सिमेंट आणि डांबर : शांतिनिकेतनच्या आवारात

शांतिनिकेतनला जायचं म्हटलं की लोक पौष मेळा नाहीतर वसंतोत्सव सुचवतात. मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मला गाठायचा होता तो नंदन मेळा. विश्वभारती विद्यापीठाच्या कलाभवनाचे, म्हणजे तिथल्या कलाशाळेचे, विद्यार्थी आणि शिक्षक दरवर्षी १ आणि २ डिसेंबरला हा मेळा भरवतात. ३ डिसेंबर हा कलाभवन घडवणारे चित्रकार नंदलाल बोस यांचा जन्मदिवस, त्याच्या आदले हे दोन दिवस. स्वतः केलेल्या वस्तू तिथे विकल्या जातात आणि आलेला पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातो. एरवी वर्ग चालू असताना बाहेरच्या माणसाला आवारात मोकळेपणी हिंडता येत नाही. मेळ्याच्या दिवसांत मात्र फाटक सगळ्यांना उघडं असतं, आणि भारतातली काही फार मोठी शिल्पं आणि भित्तिचित्रं त्या फाटकाच्या आत झाडाखाली, व्हरांड्यात, वसतिगृहाच्या भिंतीवर आहेत.

सोबत आत्या होती. आत्याने सत्तरी ओलांडली आहे. ती निवृत्त शिक्षिका, आषाढीची वारी न चुकवणारी. चित्रांशी तिचा फारसा संबंध नाही. रवींद्रनाथांचं गाव बघायचं म्हणून ती निघाली, आणि मला तिथे जे दिसलं त्यातलं निम्मं तिच्यामुळे दिसलं.

शनिवार : बोलपूर

नांदेडहून हावड्यापर्यंतचा प्रवास लांबचा, पण सुरळीत झाला. हावड्याहून सकाळी दहाच्या सुमारास शांतिनिकेतन एक्सप्रेस सुटते आणि अडीच तासांत बोलपूरला पोचवते. वर्धमान मागे पडलं की भातकापणी झालेली शेतं, मधूनमधून तळी आणि ताड-खजुरांच्या ओळी सुरू होतात. खजुरांच्या माथ्याशी मडकी बांधलेली होती. हिवाळ्यातला नवा गूळ, नोलेन गूळ, याच रसाचा. डब्यात एक बाउल, म्हणजे बंगालचा फिरता भक्तिगायक, चढला. एकताऱ्यावर गाताना तो कुणाकडेच पाहत नव्हता. त्याचं गाणं संपल्यावर आत्याने त्याला पैसे दिले आणि वर नमस्कारही केला.

स्टेशनाबाहेर टोटो मिळतात, म्हणजे आपल्याकडच्या ई-रिक्षा. आमच्या टोटोवाल्याने पहिल्याच वाक्यात आत्याला माशिमा, म्हणजे मावशी, आणि मला दीदी करून टाकलं. त्याचा मोकळा स्वभाव बघून मुक्काम संपेपर्यंत आम्ही त्यालाच धरून राहिलो. राहण्यासाठी रतनपल्ली किंवा श्यामबाटीच्या बाजूला जागा शोधा, तिथून आवार चालत जाण्यासारखं आहे. सोनाझुरीच्या बाजूचे रिसॉर्ट नव्या जाहिरातींत छान दिसतात, पण पहाटे कलाभवनाकडे यायचं तर ते लांब पडतात.

संध्याकाळी खोआईच्या काठचा शनिवारचा हाट पाहिला. पावसाने तासून काढलेल्या लाल घळींना खोआई म्हणतात. त्यांच्या कडेने सोनाझुरीची झाडं आहेत आणि झाडांखाली कांथा भरतकामाच्या साड्या, डोकरा धातूकाम, मातीचे दागिने मांडलेले असतात. गर्दी फार होती. पायाखालची माती मात्र मी वाकून हातात घेतली. लाल, लोखंडी, बारीक खड्यांची. आपल्याकडे जांभा फुटून जो मुरूम होतो, अगदी तोच. उद्या जी शिल्पं पाहायची होती ती याच मुरमाची होती.

रविवार : कलाभवन आणि मेळ्याचा पहिला दिवस

मेळा भरायच्या खूप आधी, साडेसहाला, आम्ही शाली गुंडाळून बाहेर पडलो. धुकं होतं. रस्त्यावर सायकलींच्या घंटा आधी ऐकू येत आणि सायकली मागाहून दिसत.

शिल्पकार रामकिंकर बैज यांचं 'संथाल कुटुंब', म्हणजे इथल्या संथाल आदिवासींचं शिल्प, समोर आलं तेव्हा आत्या म्हणाली, "हे कुठे निघालेत गं?" शिल्पाबद्दल विचारावा असा हाच पहिला प्रश्न आहे. पुरुषाच्या खांद्यावर कावड, तिच्या एका पारड्यात मूल. बाई सोबत चाललेली, डोक्यावर संसार. पायाशी कुत्रा. माणसं खऱ्या माणसांहून मोठी आहेत, पण चौथरा अगदी बुटका, त्यामुळे ती आपल्याच जमिनीवरून चालत आल्यासारखी वाटतात. हे १९३८ चं काम. त्या काळात आपल्या शहरांतल्या चौकांत उंच चौथऱ्यांवर राण्या आणि गव्हर्नर उभे होते, संगमरवरात आणि ब्राँझमध्ये. इथे कामाच्या शोधात गाव बदलणारं एक भूमिहीन कुटुंब उभं राहिलं. भारतातलं पहिलं आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून याचं नाव घेतलं जातं.

रामकिंकर बांकुड्याचे, १९०६ चा जन्म, न्हाव्याच्या गरीब घरातले. १९२५ मध्ये ते इथे शिकायला आले आणि पुढे जवळजवळ सगळं आयुष्य इथेच राहिले. ब्राँझ ओतायला पैसा नव्हता. म्हणून लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, सिमेंट, वाळू आणि इथलाच मुरूम कालवून तो त्यावर थापायचा, अंगावर फेकायचा, आणि पुरता घट्ट व्हायच्या आत छिन्नीने कोरायचा, अशी रीत त्यांनी बसवली. जवळ गेलं की पोटऱ्यांवर, दंडांवर खड्यांचे दाणे दिसतात. गुळगुळीत काही नाही. धुकं विरलं आणि तिरपं ऊन आलं तेव्हा प्रत्येक खड्याची बारीक सावली पडली आणि ती अंगं राबणारी दिसू लागली. हे शिल्प आता वरून छप्पर घालून जपलं आहे. पावसापासून वाचवायचं तर ते लागणारच, पण त्यामुळे दुपारच्या उन्हाला ते सावलीत जातं आणि दाणे दिसत नाहीत. पाहायचं तर सकाळी लवकरच पाहा.

जवळच 'कलेर बांशी' आहे, गिरणीचा भोंगा, १९५६ चं. भातगिरणीचा भोंगा वाजलाय आणि दोन संथाल बाया धावत निघाल्यात. ओली लुगडी वाळवायलाही सवड नाही, ती धावता धावता वाऱ्यावरच वाळताहेत. मागे एक पोर पळतंय. सिमेंटसारख्या जड वस्तूतून एवढा वारा कसा काढला असेल, याचा मी बराच वेळ विचार करत राहिले. कापडाची घडी कुठेच लोंबत नाही, सगळी मागे खेचलेली आहे. पावलं जमिनीला जेमतेम लागलेली. एखाद्या मुलाला गती शिकवायची तर मी आता पुस्तकातल्या बाणांऐवजी ही लुगडी दाखवीन.

टोटोवाला आम्हाला आणायला आला होता, तोही उभा राहून बघू लागला. बोलपूरच्या भातगिरणीत त्याची आई भात उकडायच्या कामाला जायची. "ते पोरगं आहे ना मागचं," तो हिंदीत म्हणाला, "आई घरातून निघताना मी असाच पळायचो. रोज मागे राहायचो." एवढं बोलून तो टोटो वळवायला गेला.

निलगिरीच्या झाडांमध्ये 'सुजाता' उभी आहे, १९३५ ची. उंच, शिडशिडीत, झाडांच्या बुंध्यांत मिसळून गेलेली. दुरून ती सहज निसटते. एका विद्यार्थिनीवरून ही आकृती केली होती. डोक्यावर पायसाचं भांडं ठेव, असं नंदलाल बाबूंनी सुचवलं, आणि मग ती, बुद्धाला पायस म्हणजे खीर देणारी कथेतली सुजाता, त्याच्याकडे निघालेली झाली. रवींद्रनाथांनी ती पाहून रामकिंकरांना बोलावून घेतलं आणि सगळा आश्रम शिल्पांनी भरून टाकायला सांगितलं, अशी आठवण इथे सांगतात. त्या पाठबळाशिवाय पुढचं काहीच झालं नसतं असं मला वाटतं. आवारातल्या गांधीजींच्या शिल्पाजवळही थांबा. पुढे पडलेल्या त्यांच्या पायाखाली कवटी आहे. फाळणीच्या काळातल्या कत्तलींचं भान असलेले गांधीजी आहेत हे. पोस्टाच्या तिकिटावरच्या चेहऱ्याची सवय झालेल्या डोळ्यांना ते सुरुवातीला नीट पेलवत नाहीत.

दहाच्या पुढे मेळा जागा झाला. विद्यार्थ्यांनी बांबू, गोणपाट, गवत आणि रंगवलेले कागद वापरून स्टॉल उभे केले होते. मातीची भांडी, लाकूडठशाची चित्रं, हाताने शिवलेल्या डायऱ्या, कॅलेंडरं, रंगवलेली मातीची झाकणं. मेळ्याचा एक भाग खाण्याचाही असतो आणि ते पदार्थही मुलंच विकतात. आम्ही घुगनी, म्हणजे वाटाण्याची उसळ, खाल्ली, मग गरम पातीशापटा, म्हणजे गोड धिरडं, आत नारळ आणि नोलेन गूळ. आत्याने विकणाऱ्या मुलाकडून सारणाची कृती लिहून घेतली.

एका स्टॉलवर मणिपूरहून आलेली मुलगी लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांच्या, प्रती विकत होती. तिच्या चित्रात सुजाताच्या पायाशी झोपलेली तीन कुत्री होती. मी विचारलं, हाच विषय का? ती म्हणाली, "चार वर्षं मी वर्गाला जाताना तिच्याजवळून जाते. सुरुवातीला मी तिलाच काढत होते. आता तिच्याजवळ जे चालतं ते काढते." मी ती प्रत घेतली. इथे शिक्षकांना सर किंवा मॅडम म्हणत नाहीत, नावापुढे दा किंवा दी लावतात. रामकिंकर म्हणजे किंकरदा, आणि नंदलाल बोस सगळ्यांचे मास्टरमोशाय. इतकी वर्षं झाली तरी मुलं बोलताना हीच नावं घेतात.

मेळ्यातून वस्तू घ्यायच्या असतील तर पहिल्या दिवशी दुपारच्या आत घ्या. कॅलेंडरं आणि छोट्या प्रती लवकर संपतात. रोख पैसे जवळ ठेवा, गर्दीत मोबाइलचं नेटवर्क अडखळतं.

सोमवार : हिंदी भवन

या दिवसासाठी मी नांदेडहून बरंच आधी पत्र लिहिलं होतं. हिंदी भवन आणि चीना भवन हे चालू विभाग आहेत, तिथे वर्ग भरतात. आतली भित्तिचित्रं पाहायची तर परवानगी हवी. मी शाळेच्या लेटरहेडवर कारण, तारीख आणि सोबत कोण आहे हे लिहून पाठवलं होतं, जाण्याआधी फोनही केला. तुम्हीही असंच करा. तिथे जाऊन ऐन वेळी आग्रह धरणं बरं नाही, आतली मुलं शिकत असतात.

चीना भवनात नंदलाल बोस यांनी १९४२ मध्ये रंगवलेली 'नटीर पूजा' आहे. राजनर्तकी नाचता नाचता अंगावरचे दागिने उतरवते आणि तिचं नृत्यच बुद्धाची पूजा होतं, असा हा प्रसंग. रवींद्रनाथांचं या कथेवरचं नाटक १९२६ मध्ये इथे झालं तेव्हा नटीची भूमिका नंदलाल बाबूंची मुलगी गौरी हिनेच केली होती. बापाने सोळा वर्षांनी ते भिंतीवर आणलं. रेषा अतिशय संयमी आहेत, एकही जास्तीची नाही.

मग हिंदी भवन. दार उघडून दिलं गेलं, आम्ही चपला काढून आत गेलो आणि आत्या सरळ खाली फरशीवर बसली.

चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये इथे मध्ययुगीन संतांचं चित्र रंगवलं. खोलीच्या तीन भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागातून ते फिरतं, एकूण लांबी सुमारे तेवीस मीटर. कबीर आहेत, सूरदास, तुलसीदास, रामानुज, गुरू गोविंदसिंग आहेत. पण त्यांच्याभोवती चालणारी, बसलेली, ओझी वाहणारी, मुलं कडेवर घेतलेली माणसं इतकी आहेत की संत कोण हे लगेच कळत नाही. कबीर विणकरच आहेत, मागाशी, आपल्या माणसांत. कोणत्याही संताच्या डोक्यामागे तेजोवलय नाही. फक्त काही आकृती इतरांहून उंच आहेत, आणि त्या उंच आकृतींच्या मधून गर्दी नदी वाहावी तशी पुढे सरकत राहते.

कामाची रीत ओल्या गिलाव्याची. चुन्याचा गिलावा ओला असतानाच, पाण्यात कालवलेले मातीचे रंग त्यावर लावायचे. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचा पुन्हा दगड होतो, आणि रंग त्या दगडात अडकतो. हाताशी वेळ काही तासांचाच. म्हणून रोज पुरेल एवढाच तुकडा लिंपायचा आणि त्याच दिवशी रंगवून संपवायचा. चूक झाली तर गिलावा खरवडून काढण्याशिवाय उपाय नाही. आता यात हे घाला की बिनोदबिहारी जन्मापासून दृष्टीने अधू होते. एका डोळ्याने दिसतच नव्हतं आणि दुसऱ्याने फार जवळचं तेवढं दिसायचं. रंगवताना भिंतीसमोर ते इतके जवळ उभे असणार की पूर्ण चित्र त्यांना एका नजरेत कधी दिसलंच नसणार. आणि तरीही पूर्ण मापाचा कच्चा आराखडा भिंतीवर न उतरवता, छोट्या टिपणांवरून त्यांनी थेट रंगवलं. मदतीला लीला मुखर्जी, के. जी. सुब्रमण्यन, देवकीनंदन शर्मा अशी माणसं होती. मला स्वतःला शाळेच्या फळ्यावर गणपती काढतानाही चार वेळा मागे सरकून बघावं लागतं. त्यामुळे या भिंतीसमोर मी खरोखर सुन्न झाले.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यात कुणी कुणाला ढकलत नाही बघ. दिंडी नीट चालली की असंच असतं. पुढच्याच्या पाठीकडे बघत चालायचं, बस." मी पुन्हा बघितलं. खरंच, आकृती एकमेकींना खेटून आहेत, पण एकीचीही वाट अडलेली नाही. पाठी आणि खांदे यांच्या रेषा एकीतून दुसरीत उतरत जातात. रचनेबद्दल मी जे वाचलं होतं ते तिने वारीच्या अनुभवातून दोन वाक्यांत सांगितलं. गुरू गोविंदसिंगांची आकृती ओळखल्यावर ती उठली आणि हात जोडून उभी राहिली. नांदेडच्या माणसाला गुरुजी परके नाहीत. १७०८ मध्ये त्यांनी देह ठेवला तो आमच्या गोदावरीकाठी. आणि नामदेवांची पदं ज्या ग्रंथात आहेत त्या गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद त्यांनी दिलं, हे आत्यानेच तिथल्या विद्यार्थ्यांना सांगितलं. दोन-तीन मुलं तिच्याभोवती बसून ऐकत होती. त्यांना नामदेव ठाऊक होते, पण पंढरपूर कुठे ते ठाऊक नव्हतं. मग आत्याने वहीत नकाशा काढून दाखवला.

पन्नासच्या दशकात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बिनोदबिहारींची उरलेली दृष्टीही गेली. त्यांनी काम थांबवलं नाही. कागद कापून, चिकटवून चित्रं केली, चिकणमातीत हात घातला, आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर रंगीत फरश्यांचं मोठं चित्र उभं केलं. दुपारी आम्ही ते बघायला गेलो. ते पूर्ण आंधळ्या माणसाने केलं आहे हे मी आत्याला आधी सांगितलं नाही. तिने ते पाहिलं आणि "या फरश्यांतली माणसं किती मोकळी बसलीत," म्हणाली. मग सांगितलं.

मेळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गर्दी वाढत होती, पण कालो बाडीपाशी शांत होतं. काळं घर. तिशीच्या दशकात नंदलाल बाबूंच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी बांधलेलं मातीचं वसतिगृह. भिंतींवर उठावाची शिल्पं आहेत: भारहूत, महाबलीपुरम, सिंधू संस्कृतीच्या मुद्रा, इजिप्त, अ‍ॅसिरिया. कलेचा इतिहास शिकायचा तर तो हाताने भिंतीवर लिंपून शिका, अशी ही शिकवणी. मातीवर डांबर चढवलेलं आहे, पाऊस आणि वाळवी यांच्यापासून बचाव म्हणून. त्यामुळे घर काळं. आत आजही मुलं राहतात. आम्ही गेलो तेव्हा पंखवाल्या प्राण्यांच्या उठावासमोर दोरीवर दोन टॉवेल वाळत होते आणि भिंतीला सायकल टेकवलेली होती. काही पर्यटकांना फोटोसाठी ते टॉवेल बाजूला व्हायला हवे होते. मला नाही. ही भिंत राहत्या घराची आहे आणि म्हणूनच दर काही काळाने तिला कुणीतरी डांबर लावतं. बिनमाणसांची मातीची भिंत पावसात किती टिकली असती?

थोडं पुढे के. जी. सुब्रमण्यन यांची काळी-पांढरी इमारत आहे, डिझाइन विभागाची. बाहेरची सगळी भिंत पक्षी, झाडं, माकडं, बाया, देव आणि राक्षस यांनी भरलेली. हिंदी भवनाच्या भिंतीवर मदतीला असलेला केरळचा तरुण पुढे बडोद्याला अनेक वर्षं शिकवून १९८० मध्ये इथे परतला. या भिंती त्यांनी नंतर पुन्हा नव्याने रंगवल्या तेव्हा ते पंच्याऐंशीच्या घरात होते आणि परांचीवर चढून काम करत होते. ऊन उतरल्यावर पाहिलं तर पांढरा भाग डोळ्यांना त्रास देत नाही.

जेवणाचं सांगायचं राहिलं. वीरभूमच्या, म्हणजे या जिल्ह्याच्या, घरगुती जेवणात बडीशेप वाटून घातलेली उडदाची डाळ आणि आलू पोस्तो असतो, बटाटा आणि वाटलेली खसखस. सोबत गोविंदभोग तांदळाचा भात. आत्या माळकरी आहे, म्हणून आधीच 'निरामिष' सांगायचं आणि 'कांदा-लसूणही नको' हे वेगळं सांगायचं, हे आम्ही लवकर शिकलो. कुणीही कपाळाला आठी घातली नाही.

मंगळवार : मास्टरमोशायांचा दिवस

३ डिसेंबर. मेळ्याचे बांबू उतरवले जात होते. सकाळी उत्तरायणात, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरांच्या आवारात, गेलो, तिकीट काढून. तिथली 'श्यामली' ही १९३५ ची मातीची कुटी. रवींद्रनाथ तिथे राहिले आणि १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा पाहुणे म्हणून आले तेव्हा ते तिथेच उतरले. तिच्याही भिंतींवर मातीचे उठाव आहेत, कलाभवनाच्या मुलांच्या आणि रामकिंकरांच्या हातचे. उत्तरायणातलं संग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि त्याला लागून आणखी सुट्ट्या येऊ शकतात, त्यामुळे दिवस आखताना वेळापत्रक नक्की बघून घ्या.

नंदलाल बाबूंचं आणि आपलं एक जुनं नातं आहे. १९०९-१० च्या हिवाळ्यात, ऐन पंचविशी ओलांडलेले नंदलाल आमच्या मराठवाड्यात अजिंठ्याला राहिले आणि ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्या गटासोबत तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. भिंतीवर चित्र म्हणजे काय हे त्यांनी तिथे पाहिलं. शांतिनिकेतनात भिंती रंगवण्याची जी परंपरा सुरू झाली तिचं एक मूळ अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या वळणावर आहे. पुढे १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा गांधीजींनी मंडप आणि नगर सजवायचं काम त्यांच्याकडे सोपवलं. बांबू, गवत, गावातलं जे मिळेल ते त्यांनी वापरलं. कालच्या मेळ्यातले बांबू-गोणपाटाचे स्टॉल बघताना मला फैजपूरच आठवत होतं. आपल्याकडच्या चित्रकला शिक्षकांना हे सांगायला हवं. राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखिताची सजावट केलेला माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते आपल्या गावांत येऊन शिकून आणि काम करून गेले हे पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

दुपारी टोटोने श्रीनिकेतनला गेलो, तीनेक किलोमीटर. शेती आणि ग्रामोद्योगासाठी रवींद्रनाथांनी १९२२ मध्ये ही संस्था उभी केली. इथे १९२८ मध्ये हलकर्षणाचा, म्हणजे नांगरणीचा, उत्सव सुरू झाला. कवीने स्वतः नांगराला हात लावला. नंदलाल बाबूंनी तोच प्रसंग बाहेरच्या भिंतीवर रंगवला, बैल, नांगर, जमलेली माणसं. उघड्यावरचं चित्र आहे, उन्हापावसाच्या खुणा त्यावर आहेत. आमचा टोटोवाला इथेच वाढलेला. त्याला हे चित्र पाठ होतं, पण आत्याने बैलांच्या वशिंडावर बोट ठेवल्यासारखं दाखवून "ही जोडी नवी आहे, डावा बैल बिथरलाय" म्हटलं तेव्हा तोही खाली उतरून निरखायला लागला. येताना सुरुल गावातली विटांच्या कोरीव कामाची मंदिरं पाहा, अर्धा तास पुरतो.

बुधवार : परतीचा दिवस

बुधवारी इथे आठवड्याची सुट्टी आणि सकाळी काचमंदिरात उपासना. १८९१ ची ही प्रार्थनेची जागा, भिंती रंगीत काचांच्या, आत मूर्ती नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून गाणी ऐकली. आश्रमाच्या आतल्या भागात येण्याजाण्याचे नियम वरचेवर बदलतात. २०२३ च्या सप्टेंबरात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आल्यापासून गर्दी वाढली आहे आणि जपणूकही. निघण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची ताजी सूचना वाचा, बुधवार शक्यतो प्रवासाला ठेवा.

स्टेशनवर सोडताना टोटोवाल्याने पैसे ठरल्यापेक्षा जास्त घेतले नाहीत. आत्याने त्याच्या आईसाठी पंढरीची बुक्क्याची पुडी दिली आणि ती कशी लावायची ते दाखवलं.

परत आल्यावर मी मुख्याध्यापिकांकडे शाळेच्या मागची भिंत मागितली. ती उत्तरेकडे तोंड करून आहे, पावसाचा थेट मारा तिच्यावर येत नाही. त्यांनी लगेच हो म्हटलं. कागदावर इंटरमीजिएटच्या परीक्षेची तयारी चालूच राहील, पण आठवी-नववीची मुलं गेरू, काजळी आणि नदीकाठची पिवळी माती कुटून, वस्त्रगाळ करून रंग करायला लागली आहेत. ओल्या गिलाव्याला ताजा चुना चालत नाही, तो पाण्याखाली महिनोन् महिने मुरावा लागतो. गवंडीकाकांनी शाळेमागे खड्डा करून कळीचा चुना विझवून ठेवला आहे, वर चार बोटं पाणी. दिवाळीनंतर पहिला तुकडा लिंपू.